लेकीचं कोलेस्टेरॉल तुमच्या स्वयंपाकातून आलेलं नाही

पत्र : आमचं घर चिपळूणजवळच्या गावात आहे. यजमानांना गेल्या वर्षी, वयाच्या ३८व्या वर्षी, हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. सासरे ४२व्या वर्षी झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, मुलांचंही कोलेस्टेरॉल बघून घ्या. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, अंगाने शिडशिडीत, शाळेच्या खो-खोच्या संघात खेळते. तिचं एकूण कोलेस्टेरॉल २८७ निघालं, एलडीएल २२१, एचडीएल ५२, ट्रायग्लिसराइड ७०. मी घाबरून तूप, दूध, अंडी, नारळ, शेंगदाणे, मासे सगळं बंद केलं. तीन महिन्यांनी एलडीएल २०३ आलं, पण मुलीचं वजन दीड किलो उतरलं. सासूबाई रोज तिला उपाशीपोटी लसूण देतात आणि रडतात, "मीच सगळ्यांना तूप खाऊ घातलं." डॉक्टर आता गोळी सुरू करू म्हणतात. दोष जीनमध्येच असेल तर पथ्याचा उपयोग काय? आणि पथ्याने आकडा उतरतोय, तर एवढ्याशा पोरीला जन्मभराची गोळी कशाला? धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याचंही रक्त आत्ताच तपासायचं का? पुण्याची नणंद थट्टेत म्हणते, "हिला मी सून करून घेणार." आता तीही थट्टा नकोशी वाटते.

उत्तर :

ताई, आधी त्या दीड किलोबद्दल बोलू. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन तीन महिन्यांत अर्धा-पाऊण किलो वाढायला हवं, तिचं ते उतरलंय. तुम्ही जिवाच्या आकांताने केलंत हे कळतं, पण हे पथ्य आज थांबवा. शेंगदाणे, मासे, डाळी, दूध आजच्या जेवणापासून परत सुरू करा. त्यातलं काय किती द्यायचं ते पुढे सविस्तर लिहिते. शिडशिडीत मुलीला उपाशी ठेवून कोलेस्टेरॉल उतरवायचं नसतं, आणि तिच्या बाबतीत ते तसं उतरणारही नाही.

आता रिपोर्ट. मुलांमध्ये एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११० च्या आत असावं आणि १३० पासून वर गेलं की ते जास्त धरतात. पथ्य पाळूनही दोनदा तपासल्यावर ते १९० च्या वर राहिलं, किंवा घरात कमी वयात हृदयविकार असताना १६० च्या वर राहिलं, तर डॉक्टरांच्या मनात एक आनुवंशिक दोष येतो. त्याचं नाव फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, दवाखान्यात नुसतं 'एफएच' म्हणतात. तुमच्या मुलीचे दोन्ही रिपोर्ट, तिचे वडील आणि आजोबा, सगळं त्याच दिशेने बोट दाखवतंय. अरबटचरबट खाऊन आणि बैठं राहून ज्या मुलांचं कोलेस्टेरॉल बिघडतं, त्यांचा रिपोर्ट वेगळा दिसतो. त्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, वाढलेले असतात, एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, खाली गेलेलं असतं आणि एलडीएल फार चढलेलं नसतं. तुमच्या मुलीचे ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल अगदी छान आहेत. हा रिपोर्ट वडे-वेफर्सचा नाही.

हा दोष आपल्याला वाटतो तितका दुर्मीळही नाही. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला तो असतो. हजार मुलांच्या शाळेत अशी तीन-चार मुलं बसलेली असतात. बहुतेकांना ते कधीच कळत नाही, कारण काही दुखत नाही, खुपत नाही, आणि मुलांचं कोलेस्टेरॉल कुणी तपासत नाही.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच जागी आहेत, म्हणून ती जागा नीट समजावते. रक्तातलं कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांमधून फिरतं. या कणांना पकडून आत ओढून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. तुमच्या दाभोळच्या खाडीत होड्या लागायला धक्के असतात, तसे ते समजा. होडी धक्क्याला लागली की माल उतरतो. धक्केच कमी पडले तर होड्या खाडीत तरंगत राहतात, गर्दी वाढत जाते. हे धक्के बांधण्याच्या सूचना ज्या जीनमध्ये असतात, त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या मुलीला वडिलांकडून आलेली प्रत बहुधा सदोष आहे, तुमच्याकडून आलेली चांगली. म्हणजे तिच्या यकृतावर धड काम करणारे धक्के निम्मेच आहेत, आणि ते जन्मापासून. खाडीतली गर्दीही तेव्हापासूनचीच.

हे रिसेप्टर अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात शोधले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. सगळा खेळ यकृतावरच्या या रिसेप्टरांचा आहे याचा पुरावा १९८४ साली एका लहान मुलीनेही दिला. टेक्सासमधली ही सहा वर्षांची मुलगी. आई आणि वडील दोघांकडून तिला सदोष प्रत आली होती आणि त्या वयात तिचं हृदय निकामी झालं होतं. पिट्सबर्गमध्ये तिला हृदयाबरोबर नवं यकृतही बसवलं, आणि त्या यकृताने तिचं कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आणलं. तुमच्या मुलीची अवस्था अशी नाही, हे लगेच सांगून टाकते. तिची एक प्रत शाबूत आहे, आणि पुढचे सगळे उपाय त्या एका प्रतीच्या जोरावर चालतात.

गोठणारी चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, जास्त खाल्ली की यकृतावर आहेत त्या रिसेप्टरांचं कामही मंदावतं. पथ्य इथे उपयोगी पडतं. ज्याच्याकडे मुळात निम्मेच धक्के आहेत, त्याने उरलेले बंद पाडून कसं चालेल? आणि डॉक्टर सुरू करू म्हणतात ती स्टॅटिनची गोळी यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करते. पेशीला ते कमी पडू लागलं की ती बाहेरून, रक्तातून, ओढून घ्यायला चांगल्या प्रतीवरून जादा रिसेप्टर तयार करते. पथ्य आणि गोळी दोघं एकाच ठिकाणी काम करतात. पथ्य आहे ते टिकवतं, गोळी नवं उभारते. त्यामुळे जीन की आहार, पथ्य की गोळी, असा वादच इथे उरत नाही.

पथ्याने किती फरक पडतो हे तुम्ही स्वतःच पाहिलंत. २२१ वरून २०३, म्हणजे आठ टक्के. एफएचच्या मुलांमध्ये चांगल्या पथ्याने साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच एलडीएल उतरतं. तुम्ही कमी पडला नाहीत, तुमच्या हाताने जेवढं होण्यासारखं होतं तेवढं जवळजवळ सगळं झालं. नुसत्या आहाराने आकडा निम्म्यावर आला असता, तर मी उलट डॉक्टरांना वेगळी शंका घ्यायला सांगितलं असतं. सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक फार दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात तेलबियांमधले वनस्पतिजन्य स्टेरॉल शरीरात साचतात, रिपोर्ट एफएचसारखाच दिसतो आणि आहार बदलला की आकडा धाडकन खाली येतो. तुमच्या मुलीचं तसं दिसत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. अशा मुलांसाठी दिवसभरातल्या उष्मांकांपैकी सात टक्क्यांहून कमी गोठणाऱ्या चरबीतून यावेत असं सांगतात. नऊ वर्षांच्या खेळत्या मुलीला साधारण १६०० कॅलरी लागतात, म्हणजे ही चरबी दिवसाला बारा ग्रॅमच्या आत. म्हशीच्या सायीसकट दुधाच्या एका पेल्यात, २०० मिलिलिटरमध्ये, ती आठ-नऊ ग्रॅम असते. छोट्या चमचाभर तुपात तीन ग्रॅम, मूठभर, म्हणजे वीसेक ग्रॅम, खवलेल्या ओल्या नारळात सहा ग्रॅम. सकाळचं दूध, आमटीतला नारळ आणि भातावरचं तूप एवढ्यातच हिशेब ओलांडला, आणि यात वावगं असं कुणी काही खाल्लेलं नाही.

म्हणून दूध बंद करू नका, दूध बदला. डबल टोन्ड दूध आणा. घरच्या म्हशीचं असेल तर तापवून, थंड करून साय काढा, आणि हे दोनदा करा. नऊ वर्षांच्या हाडांना कॅल्शियम हवंच आहे. ते नाचणीतूनही मिळतं, तेव्हा सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी द्या. दही त्याच दुधाचं लावा.

नारळाबद्दल कोकणातल्या घरी बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलायला हवं. खोबरेल आणि नारळातली चरबी जवळजवळ सगळीच गोठणारी असते, तुपापेक्षाही जास्त प्रमाणात. "नारळात कोलेस्टेरॉल नसतं" हे खरं आहे, कुठल्याच वनस्पतीत ते नसतं, पण यकृताला त्रास त्या चरबीचा होतो. म्हणून नारळ हद्दपार न करता रोजचा निम्म्याहून कमी करा. वाटणात भाजलेला कांदा वाढवा. बांगड्याचं तिखलं नारळाशिवायच होतं, ते आठवड्यातून दोनदा करा. सोलकढीच्या ऐवजी एरवी कोकमाचं सार करा आणि सोलकढी सणावारी ठेवा. गणपतीत उकडीचे मोदक तिने पोटभर खावेत. वर्षातल्या त्या दोन दिवसांनी कुणाच्या धमन्या बुजत नाहीत, आणि सणाच्या पानावर आपल्यालाच नाही म्हणतात हे मूल मात्र विसरत नाही.

मासे बंद केलेत, ते मनापासून वाईट वाटलं. बांगडा, तारली यांसारखे मासे तिच्यासाठी फार चांगले. तव्यावर थोड्या तेलात परता किंवा कालवण करा. कोलंबीत कोलेस्टेरॉल असतं, पण गोठणारी चरबी अगदी नगण्य, तेव्हा कधीमधी चालेल. अंड्याच्या पिवळ्या बलकात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि तिच्यासाठी दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. पांढरं रोज द्या, अख्खं अंडं आठवड्यातून दोन-तीनदा. शेंगदाणे, बदाम, तीळ, जवसाची चटणी यांनी तिची कमी झालेली कॅलरी भरून निघेल आणि या चरबीने एलडीएल वाढत नाही. तेल शेंगदाण्याचं, करडईचं, सूर्यफुलाचं, जे परवडेल ते, पण बेताने.

कोलेस्टेरॉल खाली ओढायला विरघळणारा तंतू मदत करतो. तो कडधान्यांत असतो, आणि तुमच्याकडे कुळीथ आहेत, वाल आहेत, चवळी, मटकी आहे. कुळथाचं पिठलं आणि भाकरी यापेक्षा चांगलं पथ्य मला सुचत नाही. भेंडी, वांगं, पेरू, संत्रं हेही रोजचंच. ओट्सचा पुडा परवडला तर आणा, नाही तर त्यावाचून काही अडत नाही. इसबगोलाचाही उपयोग होतो, पण तो डॉक्टरांना विचारून, मोजून आणि भरपूर पाण्याबरोबर.

खरी काटछाट करायची तर ती बेकरीच्या पिशवीत आणि शाळेबाहेरच्या टपरीवर करा. खारी, बटर, क्रीमची बिस्किटं, पाकिटातलं फरसाण, वेफर्स. ट्रान्स फॅटवर, म्हणजे डालड्यासारख्या तुपातल्या घातक चरबीवर, सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आणली हे चांगलंच झालं, पण या पदार्थांतलं पामतेल निम्मं गोठणाऱ्या चरबीचंच असतं. पाकिटाच्या मागे 'पाम' किंवा 'पामोलिन' वाचलंत की रोजच्या खाऊत ते नको. साखरेचा एलडीएलशी थेट संबंध कमी, म्हणून खिरीच्या वाटीवरून घरात रणकंदन करू नका.

आणि हे सगळं तिच्या एकटीच्या ताटात नको. तिच्या वडिलांना याच जेवणाची तिच्याइतकीच गरज आहे. अख्ख्या घराचा एकच स्वयंपाक करा. वाढत्या मुलांना असं जेवण दिल्याने वाढ खुंटत नाही, हे फिनलंडमध्ये तुर्कू इथे १९९० पासून अगदी तान्ह्या मुलांपासून पाहत आले आहेत, आणि अमेरिकेत आठ ते दहा वर्षांच्या सहाशेहून जास्त मुलांमध्येही पाहिलं आहे. फक्त तिथे आहारतज्ज्ञ मुलांची उंची-वजनं मोजत होते. तुम्हीही दर महिन्याला मोजून वहीत लिहा.

आता गोळी. २०३ वरून हवा तो टप्पा, म्हणजे साधारण १३० च्या खाली, नुसत्या जेवणाने गाठता येणार नाही. एफएचच्या मुलांना आठ ते दहा वर्षांपासून स्टॅटिन सुरू करावं, असं आता जगभरचे तज्ज्ञ सांगतात. डॉक्टर घाई करत नाहीयेत, योग्य वेळी सांगताहेत. आम्सटरडॅममध्ये अशा २१४ मुलांना आठ ते अठरा या वयात स्टॅटिन सुरू केलं आणि वीस वर्षांनी पुन्हा गाठलं. २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या एक टक्का लोकांना हृदयविकाराचा झटका किंवा तसा त्रास झाला होता. त्यांच्याच ज्या आईवडिलांना हा दोष होता आणि लहानपणी औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यात त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. तुमच्या घरात ३८ आणि ४२ हे आकडे आहेत. मी तुमच्या जागी असते तर गोळी दिली असती.

गोळीने तिची उंची किंवा वयात येणं अडतं असं आढळलेलं नाही. सुरुवातीला आणि नंतर अधूनमधून यकृताची तपासणी होईल. पाय कारण नसताना खूप दुखू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, आणि मोठी झाल्यावर, मूल होण्याचा विचार करण्याआधी, तिने डॉक्टरांशी बोलायचं. हे तिला योग्य वयात तुम्हीच समजावून द्या. गोळी सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, लघवीतली प्रथिनं आणि साखर तपासली आहे ना, एवढं विचारून घ्या, कारण थायरॉइड मंद असेल किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील तरीही एलडीएल वाढतं. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच आणखी एक कण, याची तपासणी आयुष्यात एकदा करून ठेवलेली बरी. जीनची तपासणी परवडली तर उत्तम, पण तिच्यावाचून उपचार अडत नाहीत, आणि ती निगेटिव्ह आली म्हणून २०३ चे १०० होत नाहीत.

मुलीला "तुला रोग आहे" असं सांगू नका. तुझं यकृत कोलेस्टेरॉल उतरवायला हळू आहे, त्याला मदत म्हणून ही गोळी, एवढं नऊ वर्षांच्या मुलीला पुरतं. खो-खो अजिबात थांबवू नका. वाढदिवसाला केक खाऊ द्या. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते मात्र आजच बंद व्हावं.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. सासरे तुपाने गेले नाहीत. जो दोष त्यांच्या रक्तात जन्मापासून होता, तो शोधायची तपासणी त्या काळी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. एका बाईने नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताटात प्रेमाने वाढलं, आणि आज ती स्वतःला त्यांची मारेकरी समजते आहे. हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरवणं मला तुमच्या मुलीच्या गोळीइतकंच गरजेचं वाटतं. लसूण भाजीत, चटणीत हवा तेवढा घालू द्या, पण उपाशीपोटी मुलीच्या घशाखाली उतरवायला नको, त्याने या आजारात काही हाती लागत नाही. त्यांच्या हाताला दुसरं काम द्या. नाचणीची आंबील आणि कुळथाचं पिठलं त्यांच्याएवढं चांगलं कुणाला जमत असेल?

धाकट्याचं रक्त याच आठवड्यात तपासा. घरात असा इतिहास असेल तर दोन वर्षांनंतर केव्हाही तपासता येतं, तो तर पाच वर्षांचा आहे. त्याच्यातही हा दोष असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. उपाशी ठेवून न्यायची गरज नाही, ट्रायग्लिसराइड जास्त आले तरच पुन्हा उपाशीपोटी करतील. यजमान त्यांची स्टॅटिनची गोळी रोज घेतात का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. स्टेंट, म्हणजे धमनीतली जाळी, टाकला म्हणजे कोलेस्टेरॉल गेलं असं समजून ती सोडणारे पुष्कळ असतात. त्यांची पाकिटं एकदा स्वतः बघा.

नणंदेची थट्टा तुम्हाला टोचली ते बरोबरच होतं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. पण तुमच्या नणंदेत, यजमानांच्या सख्ख्या बहिणीत, हाच दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तिच्यात असेल तर तिच्या मुलांमध्येही तशीच निम्मी. दोन्हीकडून सदोष प्रत असेल तर पुढच्या पिढीत चारांतल्या एका मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळू शकतात, आणि ते दुखणं फार मोठं असतं. लग्नाची गोष्ट अजून कोसभर लांब आहे. पण नणंदेचं स्वतःचं आणि तिच्या मुलांचं रक्त आज तपासायला हवं. तिला फोन करून हे सरळ सांगा, आणि भावाचा नि भाचीचा रिपोर्ट पाठवा. पुण्यातल्या तिच्या डॉक्टरांना तो दाखवला की मुलांची तपासणी कशासाठी, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.